मौनीबाईंचा राजा

मौनीबाई हे नाव ज्या कार्ट्याने ठेवलं, त्याच्या तोडीचा टवाळ त्या शाळेत पुन्हा झाला नाही. कारण बाई झोपेतसुद्धा बोलत. हे त्यांच्या यजमानांनीच पत्त्यांच्या डावात सांगितलेलं, म्हणजे खरं धरायला हरकत नाही. बाई शिपायाशी बोलत, फळ्याशी बोलत, न उघडणाऱ्या कुलपाशी तर भांडतच. वर्गात कोणी ऐकेनासं झालं की खिडकीत बसलेल्या चिमणीकडे बघून पुढचं वाक्य पुरं करत. आणि अशा या बाईंची उभी नोकरी उभी होती ती एका न बोललेल्या उत्तरावर.

त्याचं असं होतं. शाळेत वरच्या वर्गाला एक जुनं नाटक होतं. त्यातला राजा एका कैद्याच्या मृत्युदंडावर सही करतो. चौथ्या अंकात कळतं की तो कैदी म्हणजे घर सोडून गेलेला त्याचाच मुलगा. राणी येते. ती रडत नाही, कपाळ बडवून घेत नाही, फक्त विचारते, "सही करताना नाव वाचलं होतंत?" राजा काही बोलत नाही. पुढची ओळ येते, "सेवक दिवा घेऊन प्रवेश करतो." संपलं.

या संपण्यातून बाईंनी सुरुवात केली होती. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या मते राजाच्या मौनाला तीन पदर होते: पश्चात्ताप, राजधर्म आणि पित्याचं काळीज. चौथा पदर, अहंकार, यजमानांशी झालेल्या एका जंगी भांडणानंतर आला. पाचवा सासूबाई गेल्यावर सुचला. सहावा आणि सातवा मात्र मुख्याध्यापकाची खुर्ची दुसऱ्याच माणसाला मिळाली तेव्हा एका दमात आले. तेव्हापासून 'राजाच्या मौनाचे सात पदर उलगडून दाखवा' हा प्रश्न परीक्षेत ठरलेला. गावातली अर्धी माणसं हे सात पदर पाठ करून मोठी झाली होती. नवरा भांडणात गप्प बसला की बायको विचारी, "हा कितवा म्हणायचा?"

आणि शाळेची एक रीत होती. वर्षअखेरीच्या सभेत वरच्या वर्गातली मुलं पालकांसमोर या नाटकाचं विश्लेषण करत. शेवटी एक मुलगी राणीचा प्रश्न वाची. मग सगळं सभागृह उभं राही. शिपाई पंखे बंद करी. बाईंचा हात वर असेपर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही. घामाघूम झालेले बाप आणि पोरं सावरणाऱ्या आया राजासाठी गप्प उभ्या. वर्षभरात बाईंचं तोंड बंद असे ते तेवढंच, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत. अर्थात बाई तिथे नसताना.

आता टाचणीकडे वळू. टाचणी म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. अंगाने बारीक, आवाजाने सपाट आणि जिथे बसेल तिथे दुसऱ्याला टोचणार. एके काळी ती याच शाळेत, याच वर्गात, बाईंचीच विद्यार्थिनी होती. सात पदरांच्या प्रश्नाला तिने एकच ओळ लिहिली होती: 'राजाला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून तो गप्प बसला.' बाईंनी भोपळा दिला आणि शेजारी लाल शाईत 'वरवरचे' असं लिहिलं. पुढे या वरवरच्या मुलीने बाईंच्या धाकट्या दिराशी लग्न ठरवलं, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आली, त्याच शाळेत खालच्या वर्गांवर भाषा शिकवायला लागली आणि भोपळा काही विसरली नाही.

मग काय विचारता! जिन्यातल्या दिव्याचं बटण तळमजल्यावर, बाईंच्या दाराच्या आत होतं. टाचणी निम्म्या जिन्यात पोचली की दिवा जायचा. टाचणीच्या गच्चीतल्या कुंड्यांना पाणी भरपूर लागायचं आणि ते खाली बाईंचे कपडे वाळत असतानाच घालावं लागायचं. शाळेला जाताना दोघी एकाच वेळी निघत आणि रस्त्याच्या दोन कडांनी चालत. मधून दोघे भाऊ, डोकं खाली घालून, आपापल्या कचेरीला.

त्या वर्षी टाचणीने वरच्या वर्गाचं नाटक आपल्याला शिकवायला द्यावं असा रीतसर अर्ज केला. मुख्याध्यापकांचं नाव होतं 'मिटवून टाका', कारण शाळेत आग लागली असती तरी ते तेवढंच म्हणाले असते. त्यांनी बाईंना बोलावलं.

"त्यांचंही म्हणणं ऐकायला हवं ना, बाई. सभा होऊ दे. सभेत दिसेलच काय ते. मग ठरवू."

"माझ्या वर्गाचं सभेत ठरवणार? मी काय गाणं म्हणून दाखवायचंय?"

"तसं नाही हो. घरातलीच माणसं तुम्ही. घरीच मिटवून टाकलंत तर उत्तम."

"घरी मिटत असतं तर तिचा इथं कशाला त्रास झाला असता तुम्हाला?"

बाई बाहेर आल्या त्या तणतणतच. वरचा वर्ग गेला म्हणजे नाटक गेलं. नाटक गेलं म्हणजे उरलेली नोकरी खालच्या पोरांचं ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात. राजाबद्दल एक अक्षर बोलायला मिळणार नाही. बाईंना पगारवाढ हुकली तेव्हा वाईट वाटलं होतं. आज मात्र लुटल्यासारखं झालं. अर्थात चालताना त्यांनी ते दाखवलं नाही. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने टाचणी येत होती ना.

संध्याकाळी जिन्याशी गाठ पडली.

"काय गं, अर्ज केलास म्हणे."

"केला, ताई."

"राजा शिकवायला आधी मौन कळावं लागतं."

"कळतं थोडंफार. तुमच्या हाताखाली शिकलेय ना. भोपळा मिळाला होता."

"तो भोपळासुद्धा मी उदारपणे दिला होता."

"आता तुम्हाला मिळेल तेव्हा मीही हात आखडता घेणार नाही."

बाईंनी दार लावलं आणि बटण खटकन दाबलं. वर अंधारात काहीतरी आपटलं. "लागलं का गं?" असं बाईंनी फार गोड आवाजात विचारलं. यजमान जेवणाच्या ताटावरून म्हणाले, "अगं, दिवा..." "गेला," बाई म्हणाल्या. "दिवे जातात."

आता बाईंना सभेपर्यंत जे कळलं नाही ते तुम्हाला आधीच सांगून ठेवायला काय हरकत आहे? काही महिन्यांपूर्वी गावात एक नाटक मंडळी आली होती आणि तिने हेच नाटक लावलं होतं. सगळ्या शिक्षकांना पास आले. बाईंनी आपला पास परत केला. "ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नाटक बघावं," हे त्यांचं जाहीर मत. रंग फासलेला कोणीतरी सोम्यागोम्या राजा म्हणून उभा राहणार आणि पडद्यामागे विडी ओढणार, त्याचं तोंड कशाला बघायचं? मंडळी दर काही वर्षांनी येत आणि बाई दर वेळी पास परत करत. बाकीचे प्रेक्षक तिसऱ्या अंकातच पेंगले; टाचणी मात्र नवऱ्याला घेऊन गेली आणि जागी राहिली. चौथा अंक आला. राणीने प्रश्न विचारला. टाचणी सवयीने उभी राहायला लागली, आणि राजाने तोंड उघडलं.

साधंसुधं नाही. धबधब्यासारखा बोलला. नाटक संपल्यावर टाचणी पडद्यामागे गेली आणि राजाला म्हणाली, "ते भाषण तुम्ही पदरचं घातलंत का?"

राजा मिशी काढत होता. त्याला राग आला. "बाई, आम्ही पदरचं जेवण घालतो, वाक्यं नाही. पुस्तकात आहे. वाचत चला."

आणि होतं पुस्तकात. सगळ्या पुस्तकांत होतं, फक्त शाळेच्या पुस्तकांत नव्हतं. ती शालेय आवृत्ती कधीकाळी कुठल्याशा छापखान्याने छापलेली. खिळे जुळवणाऱ्याने चौथ्या अंकातली दोन पानं गाळली आणि पानांचे आकडे मात्र बिनधास्त पुढे चालू ठेवले. छापखाना केव्हाच बंद पडला. पुस्तकं एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिली, आणि गाळलेल्या दोन पानांना पदरावर पदर फुटत राहिले. टाचणीने पूर्ण पुस्तक मागवलं, कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि सभेची वाट बघत बसली. नवऱ्याने विचारलं, "वहिनींना आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "भोपळा काय आधी सांगून दिला होता?"

सभेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मुलांनी पदर उलगडले. गहिवराच्या जागी गहिवरलीसुद्धा. शेवटी राणीची मुलगी पुढे आली. "सही करताना नाव वाचलं होतंत?" सगळे उठले. पंखे थांबले. बाईंनी हात वर केला. या क्षणासाठी बाई वर्षभर बोलून घेत, असंही म्हणता येईल.

"एक मिनिट," मागून सपाट आवाज आला. "राजा बोलतो."

टाचणी मधल्या वाटेने पुढे आली, हातात पुस्तक. वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात तिने वाचायला सुरुवात केली. "राणी, तू विचारतेस, पण राज्य चालवणं म्हणजे काय याची तुला कल्पना आहे? माझ्या वडिलांच्या काळी एका दिवसात एवढ्या सह्या होत नसत..." मग वडिलांच्या लढाया आल्या. मग मंत्री किती आळशी आहेत ते आलं. मग त्या रात्री दुखत असलेला गुडघा. मग राणीच्या माहेरच्यांनी लग्नात केलेला अपमान. लोक उभेच होते, कारण बसा असं कोणी म्हणालं नव्हतं. राजा बोलतच होता.

पहिल्यांदा बाईंना वाटलं, हिने हे घरी बसून लिहिलंय. पण चौथ्या-पाचव्या वाक्याला त्यांचा वर धरलेला हात खाली आला. या नाटककाराचं वाक्य त्या अंधारात हात लावून ओळखू शकत होत्या. कुठे श्वास घेतो, कुठे एखादा शब्द उगाच दोनदा ठेवतो, सगळं ठाऊक. हे त्याचंच होतं. टाचणीला सात जन्मांत जमलं नसतं. पश्चात्ताप कुठेच नव्हता. पित्याचं काळीज शोधून सापडत नव्हतं. आपण उभं आयुष्य ज्या माणसापुढे हात जोडले, तो गुडघेदुखीची तक्रार करत होता.

पहिल्या रांगेत एक डॉक्टर उभे होते, बाईंचेच जुने विद्यार्थी. ते शेजाऱ्याला म्हणाले, पण फार मोठ्याने, "म्हणजे मी पदरांचे चौदा गुण कशाचे मिळवले?" सभागृह हसलं. आधी थोडं, मग खदखदून. मुलं तर बाकांवर कोसळली. राणी झालेली मुलगी तेवढी रडायला लागली.

बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. टाचणीपाशी गेल्या आणि पुस्तक तिच्या हातातून हिसकलं.

"द्या ते परत! माझं आहे."

"असं वाचतात? दूधवाल्याचा हिशेब आहे का हा? खोटं बोलतोय माणूस, कळत नाही तुला?"

आणि बाईंनी तेच भाषण पहिल्यापासून वाचलं. आवाज न चढवता, सावकाश. वडिलांच्या लढायांवर राजा जरा लांबला, कारण राणी अजून उत्तराची वाट बघतेय हे त्याला दिसत होतं. मंत्र्यांवर आल्यावर त्याने आवाज वाढवला. गुडघ्यापाशी तर आपली दया यावी म्हणून तो जवळजवळ कण्हला. माहेरचा अपमान काढला तेव्हा सभागृहातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हसू थांबलं होतं. भाषण संपलं आणि बाईंनी पुस्तक खाली केलं.

"तिने काय विचारलं होतं? नाव वाचलं होतंत का? हो किंवा नाही. दोन पानं बोलला हा. दिलं उत्तर?"

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "नाही दिलं."

"नाही दिलं! एवढी तोंडाची टकळी चालवली आणि त्या एका जागी गप्प बसला. मग मी काय शिकवत होते?"

टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. बाईंच्या तोंडावर रंग आला, आणि तेवढ्यात टाचणी म्हणाली, "हे नव्हता शिकवत."

"काय?"

"तुम्ही पश्चात्ताप शिकवत होता. पित्याचं काळीज शिकवत होता. सातही पदर आत्ता तुमच्याच तोंडाने फाटले, बाई. उरलं एवढंच की त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. याच वर्गात. तुम्ही भोपळा दिलात."

बाईंना उत्तर सुचलं नाही असं नाही. तीन सुचली, पण त्यातलं एकही खरं नव्हतं आणि ते त्यांना पुरतं कळत होतं. म्हणून त्या जे म्हणाल्या ते नाटकाबद्दल नव्हतंच. "माझ्या दिराला गळाला लावून घरात शिरलीस ती एवढ्यासाठी!"

"तुमच्या दिराने माझे पाय धरले होते, विचारा त्यांना! आणि पुस्तक द्या इकडे!"

"सोड! फाटेल!"

"तुम्ही सोडा!"

फाटलं. आईबापांच्या, शिपायांच्या आणि दोन सख्ख्या भावांच्या देखत, पाठीतून सरळ दोन भाग झाले. दोन्ही भाऊ एकाच वेळी आपल्या बुटांकडे बघायला लागले. मिटवून टाका धावत जाऊन पंख्यांची बटणं दाबायला लागले, जणू भांडण वाऱ्याने उडून जाईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना आत बोलावलं. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, म्हणजे दोघींपासून होईल तेवढं लांब.

"मी विचार केला. वर्ग यांना दिला तर त्या ओरडणार, त्यांना दिला तर या. तेव्हा नाटकच काढून टाकतो. पुढच्या वर्षीपासून वरच्या वर्गाला अर्जलेखन आणि पत्रलेखन. नव्या येणाऱ्या सरांकडे. उपयोगी विषय आहे."

दोघी एकदमच उभ्या राहिल्या.

"नाटक काढणार?" बाई म्हणाल्या. "अहो, ते नाटक आहे म्हणून या शाळेला कोणी ओळखतं! तुम्हाला कोण ओळखतं?"

"पोरांना रजेचा अर्ज शिकवणार?" टाचणी म्हणाली. "माणूस खोटं कसं बोलतो हे कुठे शिकणार ती?"

"रजेच्या अर्जात," मिटवून टाका म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला तो एकच विनोद, आणि तो त्यांना स्वतःला कळला की नाही याबद्दल अजून मतभेद आहेत. "झालं. मिटलं."

बाहेर व्हरांड्यात दोघी आल्या. क्षणभर वाटलं, आता एकीने दुसरीकडे बघितलं तर काही जुळेल. बघितलं.

"तुझ्यामुळे गेलं."

"तुमच्यामुळे. मला आधी दिलं असतं तर..."

"तुला? हजेरीच्या आवाजात राजा मारलास भर सभेत."

"आणि तुम्ही इतकी वर्षं पुरून ठेवला होतात त्याचं काय?"

त्यानंतर दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. निदान घरात तसं जाहीर झालं. जिन्यातला दिवा जात राहिला, कुंड्यांना पाणी मिळत राहिलं. बाई खालच्या वर्गाचं शुद्धलेखन तपासत आणि पोरांना विनाकारण रडवत. टाचणी त्याच्याही खालच्या वर्गात कविता पाठ करून घेई. नव्या सरांचा आवाज वरच्या वर्गातून येई, "प्रति, माननीय महोदय..." आणि दोन वेगवेगळ्या खोल्यांत दोन बाया एकाच वेळी दात खात.

पण पुस्तक दोघींकडे अर्धंअर्धं राहिलं होतं. पहिले तीन अंक बाईंच्या हातात आले होते आणि राजाचं भाषण टाचणीच्या. परत करायला दोघी तयार नव्हत्या. विकत दुसरं घ्यावं असं दोघे भाऊ सुचवत, तर त्यांना असं बघितलं जाई की ते पुन्हा पत्त्यांकडे वळत.

आणि एका रविवारी, भर दुपारी, बाई तणतणत जिना चढून वर गेल्या आणि त्यांनी दार बडवलं. टाचणीने बोटभर उघडलं.

"वाचलं होतं त्याने नाव," बाई म्हणाल्या.

"कोणी?"

"आणखी कोणी? दुसऱ्या अंकात कारकुनाने एका गुराख्याचं नाव चुकीचं लिहिलंय, ते राजा स्वतः दुरुस्त करतो. गुराख्याचं! माणूस कागदावरचं सगळं वाचतो. मुलाचं नाव वाचलं नसेल? वाचलं आणि सही केली. नीच आहे तो."

टाचणीने दार आणखी बोटभर उघडलं. "चूक. वाचत असता तर भाषणात थकल्याची तक्रार कशाला केली असती? न वाचता सह्या करतो हेच लपवतोय. नीच नाही, आळशी आहे."

"थकल्याची तक्रार कुठल्या ओळीत आहे? दाखव."

"हातात देणार नाही."

"मग वाच."

"तुम्ही तो दुसरा अंक आणा आधी. मलाही बघायचंय गुराखी आहे की तुम्ही आठवा पदर काढलाय."

"चोरट्या बाईच्या हातात मी माझं पुस्तक देईन होय?"

"तुमचं? ते माझ्या पैशाचं आहे!"

खाली पत्ते पिसत बसलेल्या धाकट्याने वर कान दिला. "दादा, चाललंय काय?"

"राजा," थोरला म्हणाला. "तुझी उतारी."

वरून बाईंचा आवाज जिनाभर घुमत होता, "तिथूनच धर पान, मी लांबून वाचते! आणि अंगठा काढ ओळीवरून, लबाड!"